मी पडलो नव्हतो, बसलो होतो

काठमांडू
मंसिर ९, विक्रम संवत २०५०

प्रिय बालकुमारी दिदी,

तुला सेवारो. बांनाही माझे सेवारो सांग.

मी बरा आहे. हे वाक्य सर्वांत आधी लिहिले, कारण पत्र आले की तू मधले सोडून शेवट आधी वाचतेस आणि घाबरतेस. मी काठमांडूत एका इस्पितळात आहे. आता भिंत न धरता खाटेपासून दारापर्यंत जाता येते. डावा हात थरथरतो, पण मी उजव्या हाताने लिहितो, त्यामुळे अडचण नाही. ओळी तिरक्या गेल्या आहेत, कारण कधी कधी एका ओळीच्या दोन दिसतात. शुद्धलेखन मात्र दोनदा तपासले आहे.

मला लेक लागला होता. हसू नकोस. डॉक्टर त्याला दुसरे नाव देतात. ते म्हणतात, फार उंचावर हवा विरळ होते आणि ती सोसली नाही तर डोक्यात पाणी साठते. आपल्याकडे एका शब्दात सांगतात तेच हे. भेनांना सांगू नकोस असे लिहिणार होतो, पण तू नवऱ्यापासून काही लपवत नाहीस, त्यांना आतापर्यंत कळलेच असेल.

भेना घरी पोचले का? माझा पाठीवरचा डोको वाटेत राहिला. त्यात स्वयंपाकाचे दोन मोठे टोप, झाकणासकट कुकर आणि बटाटे होते. त्यावरून गोऱ्या साहेबांनी भेनांना बोल लावले असतील. ओझेवाल्या भरियांच्या टोळीचे सरदार तेच, तेव्हा बोलणी त्यांनाच बसणार. त्यांना सांग की डोको मी टाकला नाही. डोंगराच्या बाजूला, दगडाला टेकवून नीट ठेवला. वरची दोरीही गुंडाळून ठेवली होती.

एक विचारायचे आहे, राग म्हणून नव्हे. मी कार्तिकात इथे आलो. इतके दिवस माझ्या चौकशीला कोणी आले नाही. सुरुवातीला मला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते, म्हणून खाटेवरच्या पाटीवर नुसती जात, 'लिंबू, नाव माहीत नाही' असे लिहिले होते. त्यामुळे शोध लागला नसेल. आता मी नाव सांगितले आहे. त्यांनी 'जसहांग' मधला अनुस्वार गाळला होता, तोही घालून घेतला.

हे पत्र बांना वाचून दाखव. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येते, तेव्हा डावीकडे बस.

तुझा भाइ,
जसहांग

---

थाक्लुंग
पूस ६

पत्र लिहिणाऱ्याला,

तू कोण आहेस ते मला माहीत नाही, म्हणून सेवारो लिहीत नाही.

माझा भाऊ कार्तिकात वारला. कांबाचेनच्या खाली दरड कोसळलेली आहे, तिथे त्याचा पाय घसरला आणि तो डोकोसकट नदीत गेला. दारू प्यायला होता. माझ्या नवऱ्याने डोळ्यांनी पाहीलं. हात पुढे केला, तो पोचला नाही. अजून ते झोपेत हात पुढे करतात.

मेलेल्या माणसाच्या नावाने पत्र लिहून तुला काय मिळतं? बाजारातल्या दुकानदारानं पाकीट हातात दिलं, मागचं नाव वाचून मी मटकन खाली बसले. दुकानदार म्हणाला, "काय गं, आता भुतं पण तिकीट लावायला लागली?" सगळे हसले. मी पण हसले. काय करणार?

अक्षर त्याच्यासारखं आहे, पण वाकडं. तो वाकडं लिहायचा नाही. वही आखलेली नसली तर अंगणातल्या मातीवर आधी रेघ मारून बघायचा. पण अक्षराची नक्कल कोणालाही जमते. आणि भुत असेल तर त्याला तर जमतेच.

तू खरंच जीवंत असशील तर एवढं सांग. माझं लग्न लावणाऱ्या फेदांगमांच्या तोंगब्याच्या दारूत मीठ कोणी टाकलं? आणि मार कोणी खाल्ला?

सांगता येत नसेल तर पुन्हा लिहू नको.

बालकुमारी लिंदेन

---

काठमांडू
पूस २२

प्रिय दिदी,

सेवारो. मीठ तू टाकलेस. मार मी खाल्ला.

मी चिमूटभर म्हटले होते, तू मूठभर टाकलेस. फेदांगमांनी नळीने पहिला घोट घेतला, थांबले आणि म्हणाले, "या घरच्या नाचणीला घाम फुटतो वाटतं." बांनी विचारले, "कोणी केलं?" तू नवरीच्या वेशात होतीस, नवरीला कोण मारणार? मग मी पुढे झालो.

तुझ्या पत्रात तीन चुका आहेत. रागावू नकोस. मीच तुला लिहायला शिकवले, म्हणून मला लागते. 'पाहिलं' मध्ये हि पहिली. 'भूत' मध्ये भू दुसरा, अनेक भुते असली तरच पहिला. आणि 'जिवंत' ला पहिली वेलांटी. हा शब्द सध्या माझ्या कामाचा आहे, म्हणून नीट लिहावास.

आता माझ्या मरणाबद्दल. तुझे पत्र मी इतक्या वेळा वाचले की इथली परिचारिका विचारू लागली, "कोणाचं रे? ठरलंय का कुठे?" मी म्हटले, "नाही, माझ्या मयताचं आहे." ती अजून माझ्याकडे घाबरून पाहते.

वाटेत घुन्सा गावात आम्ही सगळ्यांनी तोंगबा घेतला होता, मीही घेतला. ते खरे आहे. पण त्यानंतर आम्ही पुष्कळ वर गेलो होतो. लोनाकला पोचेपर्यंत माझे डोके डोकोच्या कपाळपट्ट्याखाली नव्हे, आतून आवळल्यासारखे दुखत होते. जेवण पोटात ठरेना. सकाळी बुटाची नाडी बांधायला बसलो, तर बोटांना गाठ आठवेना. उभा राहिलो तर पाय एका रेषेत पडेनात. टोळीतला आपला रणे पाठीमागून ओरडला, "ए जसे, वाट सरळ आहे, तूच का नागमोडी?" दुसरा कोणी म्हणाला, "लेक लागलाय रे त्याला! आपला साहेब झाला तो. पाठीवर घ्या, वर छत्री धरा, गरम पाण्याची पिशवी आणा!" सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, आणि हसू थांबेना. तेव्हा त्यांची खात्री झाली.

आपल्यात असेच समजतात. लेक लागतो गोऱ्यांना, मधेसातल्या सपाटीवरच्या लोकांना. आपण पहाडी, आपल्याला कसा लागेल? आपले गाव वेलची आणि संत्र्यांचे आहे, तिथे बर्फ पडत नाही, हे कोणी ध्यानात घेत नाही. गोऱ्यांना वाटते सगळे नेपाळी बर्फात जन्मतात. ऐकून ऐकून आपल्यालाही तसेच वाटू लागले आहे.

भेना आले. त्यांनी माझे तोंड हुंगले नाही, फक्त विचारले, "प्यायलास?"

मी म्हटले, "हो."

हो का म्हटले ते लिहितो, म्हणजे तुझा गैरसमज नको. प्यायलेल्याला शिव्या बसतात, तो दुसऱ्या दिवशी ओझे उचलतो, आणि पुढच्या खेपेला त्याला बोलावतात. लेक लागलेल्या भरियाला कोणी पुन्हा बोलावत नाही. म्हणून लिंबूला विचारले की तो प्यायलोच म्हणतो. भेना भरिया होते तेव्हा तेही असेच सांगत, हे तूच मला हसत हसत सांगितले होतेस.

भेना म्हणाले, "साहेबांच्या देखत झिंगतोस? सासऱ्याचं तोंड बघून तुला आणला, ते तोंड काळं केलंस. उचल डोको, खाली कांबाचेनला जाऊन पड. उतरली की ये." मग ते साहेबांना घेऊन वर पांगपेमाकडे गेले आणि मी खाली निघालो. त्यांची निळी टोपी मला बराच वेळ दिसत होती, पुढे पुढे दोन दिसू लागल्या.

मी दरडीपर्यंत पोचलोच नाही, दिदी. कांबाचेनलाही पोचलो नाही. मी पडलो नव्हतो, बसलो होतो. रामतांगच्या जवळ डोको उतरवला आणि बसलो. मग मला वाटले, डोको मला काही विचारतो आहे. घुन्साची एक बाई हरवलेला याक शोधत आली, तेव्हा मी त्याला उत्तरे देत होतो. ती म्हणाली म्हणे, "प्यायलेला माणूस शिव्या देतो. हा तर माफी मागतोय." तिने मला याकच्या पाठीवर आडवे बांधून घुन्साला नेले. तिथे एक आजारी गोरी बाई हेलिकॉप्टरची वाट पाहत होती. तिने मला शेजारी घेतले. हे सगळे मला तिच्या वाटाड्याने इथे येऊन सांगितले. मला स्वतःला डोकोनंतरचे काही आठवत नाही.

आता मला समजत नाही ते असे. भेना वर होते, मी खाली होतो. मग त्यांनी मला पडताना कुठून पाहिले? माझा तर्क असा आहे की परतताना त्यांनी दरडीवर दुसऱ्याच कोणाला पडताना पाहिले असेल. लांबून सगळे डोको सारखेच दिसतात. त्या माणसाचे घर शोधायला हवे. तिकडे कदाचित अजून कोणी रडलेही नसेल.

भेनांना सांग, आता झोपेत हात पुढे करू नका. मी आहे.

तुझा भाइ,
जसहांग

---

थाक्लुंग
माघ १३

जसे,

तूच आहेस. मेल्यावरही वेलांट्या मोजणारा दुसरा कोण असणार? पत्र वाचून मी रडले. मग मुलं बघायला लागली, म्हणून चुलीत ओलं लाकूड सारलं आणि धुरावर ढकललं.

जिवंत. बघ, पहिली दिली.

आता नीट वाच, आणि मधलं सोडू नको. आजारानं मेला असतास तर तुला आजोबांशेजारी जागा मिळाली असती. पडून मेलेल्याचं आपल्यात काय करतात ते तुला ठाऊक आहे. तुझा देह नव्हता, म्हणून तुझी ढाका टोपी पुरली, ओढ्याच्या पलीकडे, पितरांपासून लांब. चार दिवस मीठ सोडलं. फेदांगमांनी मुंधुमातले मंत्र म्हणून तुला बजावलं, "ही वाट तुझी नाही. हे घर तुझं नाही. बापानं हाक मारली तरी मागे वळू नको." मग बाजारातून वर येणाऱ्या वाटेवर, पाराशी, काटे ठेवले. बांनी स्वतःच्या हातांनी ठेवले. बोटं रक्ताळली, तरी कोणाला हात लावू दिला नाही.

तर तुला आता येता येणार नाही. काटे ओलांडून आलेला माणूस जिवंत असला तरी भूत म्हणूनच येतो. गुरं आटतात. पोरं आजारी पडतात, माझा धाकटा आधीच खोकतो आहे. वाट एकदा बंद केली की केली, तिला उपाय नसतो.

भेनांनी काय पाहिलं ते त्यांना विचारू नको. डोंगरात धुकं असतं. चैतात त्यांना पुन्हा मोठी टोळी मिळाली आहे, एवढी मोठी पूर्वी कधी मिळाली नव्हती. त्यांचं मन शांत राहू दे.

तिकडेच काम बघ. गालिच्यांच्या कारखान्यात आपली पोरं घेतात म्हणे. हात थरथरतो तर विणायला नको, राखणीला बस. शहरात कोणाला काही पडलेली नसते. जेवत जा.

दिदी

---

काठमांडू
फागुन २

प्रिय दिदी,

सेवारो. तुझ्या पत्रात बांच्या बोटांबद्दल आहे, पण बांबद्दल नाही. माझी पत्रे त्यांना वाचून दाखवलीस का? काय म्हणाले? मी आधीही विचारले होते, बहुधा तुझ्या नजरेतून सुटले असावे.

पण आज मी आनंदाची बातमी देण्यासाठी लिहीत आहे.

इथे शहराजवळ नखिपोटात आपल्या लिंबूंची वस्ती आहे. तिथे एक थोरले फेदांगमा राहतात, आपल्याच कुळाचा मुंधुम म्हणतात. काठी टेकत त्यांच्याकडे गेलो. दारात पोचलो तर त्यांची सून आतून ओरडली, "बा, सकाळी सकाळी एक झिंगून आलाय, हाकलू का?" याची मला आता सवय झाली आहे. डॉक्टर म्हणतात चाल अशीच राहील. बसमध्ये वाहक चढू देत नाही, चहावाला पैसे आधी मागतो. सुरुवातीला मी सगळ्यांना समजावून सांगत असे. पण समजावू लागलो की जीभ अडखळते, आणि मग त्यांची आणखी खात्री होते.

फेदांगमांनी मला बसवून घेतले. विचारले, "मेलास कधी?"

"कार्तिकात."

"भूक लागते का रे?"

"लागते."

"मग नीट मेला नाहीस. सूनबाई, याला भात वाढ."

जेवण झाल्यावर त्यांनी उपाय सांगितला. उपाय आहे, दिदी! जो मरणाची बातमी घेऊन आला, त्याने गावासमोर स्वतःच्या हाताने काटे उचलायचे आणि म्हणायचे, "माझं तोंड खोटं, हा जिवंत आहे." मग फेदांगमा नवे नाव ठेवून त्या माणसाला घरात घेतात, नुकत्याच जन्मलेल्या मुलासारखे. एवढेच. मी पुन्हा पुन्हा विचारले, आणखी काही लागते का? ते म्हणाले, काही लागत नाही, फक्त तोच माणूस लागतो.

किती सोपे आहे बघ. भेना चैतात निघण्याआधी एक सकाळ तर मोकळी असेलच. त्यांच्या नजरचुकीने झाले ते त्यांच्याच हाताने पुसले जाईल. त्यांनाही हलके वाटेल. आपल्या फेदांगमांना हे ठाऊक कसे नाही, याचे आश्चर्य वाटते. म्हातारपणी विसरले असतील. त्यांचा मान राखून आठवण करून दे. मी सांगितले असे म्हणू नकोस, नखिपोटच्यांनी सांगितले असे म्हण.

नवे नाव कोणते ठेवतील कोण जाणे. लिहायला सोपे असावे.

तुझा भाइ,
जसहांग

---

थाक्लुंग
फागुन १९

जसे,

फेदांगमा काही विसरले नाहीत. तुझं दुसरं पत्र आलं त्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते आणि त्यांनी हाच उपाय सांगितला. उपाय नाही असं मी लिहिलं. ते मी लिहिलं, त्यांनी सांगितलं नव्हतं.

तू किती साधा आहेस रे. लहानपणी बरं वाटायचं, आता राग येतो. 'दुसऱ्या कोणाला पडताना पाहिलं असेल' म्हणे! तुझ्या भेनांनी कोणालाही पडताना पाहिलं नाही. खाली येताना त्यांना तुझा डोको दिसला, दगडाला टेकवलेला, दोरी गुंडाळलेली. पडणारा माणूस दोरी गुंडाळून ठेवत नाही, हे त्यांनाही कळतं. पुढे घुन्सात लोकांनी सांगितलं की एका लिंबूला हेलिकॉप्टरमध्ये घातला, तो काही बोलत नव्हता, वाचायचा नाही. यांनी ठरवलं की तू संपलास. संपणारच आहेस, तर कशानं संपलास ते आपण ठरवू.

आजारी माणसाला एकटं खाली धाडलं असं कळलं असतं तर सरदारकी गेली असती. प्यायला आणि पडला, यात कोणाचा दोष नाही. रणेला आणि बाकीच्यांना त्यांनी सांगितलं, असंच बोला. आणि रणे तर तू हसत होतास एवढंच बघून बसला होता, त्याला खोटं बोलावंही लागलं नाही. पडून मेलेल्याला पितरांत जागा नसते, हे यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी तुझ्या जागेचा विचार केला नाही, स्वतःच्या जागेचा केला.

मला हे तुझं दुसरं पत्र येईपर्यंत माहीत नव्हतं. मग विचारलं. ते वेलची निवडत होते. सगळं सांगितलं, हात थांबवला नाही. शेवटी म्हणाले, "त्यानंच हो म्हटलं होतं. मी विचारलं, प्यायलास? तो हो म्हणाला." तू हो म्हणालास.

आता काटे उचलायचे म्हणजे काय, ते समजतं का तुला? माझा नवरा, साऱ्या गावासमोर, 'माझं तोंड खोटं'. त्या दिवसानंतर त्यांच्याबरोबर डोंगरात कोण जाईल? कोणता बाप आपला मुलगा त्यांच्या हाती देईल? माझ्या दोन पोरी आहेत, एक खोकणारा आहे, आणि बा आहेत. बा कोणाच्या चुलीवर जेवतात? माझ्या.

तू विचारत होतास ना, बांना वाचून दाखवलं का. माझ्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. सगळी पत्रं वाचून दाखवली. डाव्या बाजूला बसून. प्रत्येक पत्र ते पुन्हा वाचायला लावतात. त्या याकवालीचं ऐकून हसले. नव्या नावाचं ऐकलं तेव्हा हात वर करून मला थांबवलं. मग म्हणाले, "लिही त्याला, येऊ नको."

मी म्हटलं, "बा, पोटचा आहे."

म्हणाले, "पोटचा आहे म्हणूनच सांगतो. त्याच्यासाठी एकदा रडून झालंय. आता सगळ्या घरासाठी रडायचं बळ नाही."

मग म्हणाले, कागद चुलीत घाल. मी घातले.

तू मेला असतास तर मला रडता आलं असतं. आता कोणी विचारलं का रडतेस, तर काय सांगू?

दिदी

---

काठमांडू
फागुन ३०

दिदी,

तुझे पत्र वाचले.

मी काटे ओलांडणार नाही. माझ्यामुळे धाकट्याचा खोकला वाढला असे कोणी म्हणायला नको. पण शनिवारचा बाजार काट्यांच्या खाली भरतो, तिथे कोणाची वाट बंद नाही. मधेसातले येतात, वरच्या डोंगरातले भोटे येतात, मोतीबिंदू झालेले भिकारी येतात. मी येत्या शनिवारी येऊन बसेन, सुकी मासळी विकणाऱ्याच्या शेजारी, चांगल्या उजेडात.

मी कोणाला हाक मारणार नाही. भेनांचे नाव घेणार नाही. कोणी विचारले तर आजारी होतो एवढेच सांगेन, ते खरेच आहे.

बांना बाजारात आण. त्यांनी मला पाहावे, एवढेच मला हवे आहे. 'येऊ नको' हे कागदाला सांगणे सोपे असते, कागद समोर उभा राहत नाही. मला पाहून काय म्हणायचे ते त्यांनी तेव्हा म्हणावे. त्यांनी नुसते 'जसे' म्हटले तरी काटे आपोआप उचलले जातील, मग भेनांची गरज पडणार नाही. फेदांगमांना मी हे विचारलेले नाही. मला असे वाटते.

जसहांग

---

थाक्लुंग
चैत ९

जसे,

तू आलास, मी पाहिलं. मासळीवाल्याच्या शेजारी बसणार होतास, पण मागे बसलास, अर्धा गोणीआड. केस कापून आला होतास. सदरा धुतलेला होता.

तू होतास तिथून तुला ऐकू गेलं नसेल, म्हणून लिहिते. हे तुला सांगायला दुसरं कोणी नाही.

बा पुढे होते, मागे तुझे भेना, त्यांच्यामागे पाठीवर धाकट्याला घेऊन मी. भेनांनी तुला आधी पाहिलं. त्यांना टोळीसाठी दोर घ्यायचे होते, ते दोरवाल्याच्या दुकानात शिरले. बा थांबले. तू काठी टेकून उठायला गेलास आणि कलंडलास. पोरं ओरडली, "ए काका, घर कुठल्या बाजूला?" तू त्यांच्याकडे बघून हसलास. तू हसायला नको होतंस.

शेजारी रणेची आजी आलं विकायला बसली होती. कपाळावर हात धरून बघत म्हणाली, "अगं बाई, हा जसहांग ना! ओ, बघा तरी, तुमचा मुलगा!"

आजूबाजूचे सगळे थांबले. दुकानात भेना भाव करत होते, तो आवाजही थांबला. मला काय हवं होतं ते मला आत्ताही सांगता येणार नाही.

बांनी तुझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते तुला ठाऊक आहे, तूही पाहत होतास. मग आजीला म्हणाले, "नाही. माझा मुलगा याच्यापेक्षा उंच होता."

आजी म्हणाली, "अहो, काठीवर वाकलाय म्हणून. डोळे बघा की."

बा म्हणाले, "डोळे काय, सगळ्यांनाच असतात."

आणि पुढे होऊन त्यांनी सुकी मासळी घेतली. तुझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून, निवडून, वास घेऊन घेतली. तेव्हा तू काही बोलला नाहीस. बरं केलंस की वाईट, मला समजत नाही. भेना दुकानातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर नवे दोर होते, आणि आम्ही निघालो. वळणावरून मी मागे पाहिलं, तू अजून उभाच होतास. सरळ उभा राहायचा प्रयत्न करत होतास.

घरी आल्यावर बांनी मासळीची चटणी करायला सांगितली. पुष्कळ दिवसांनी त्यांनी पोटभर जेवण केलं. दोनदा भात मागितला.

मी वाढला.

बालकुमारी